गोव्यातल्या बाइकचं ट्यूनिंग: आधी हवा, मग पेट्रोल, सायलेन्सर शेवटी

बाइकवर पैसे घालायचे ठरले की सुरुवात सायलेन्सरपासून होते. आवाज लगेच कळतो, अख्ख्या वाड्याला कळतो. दोन-तीन महिन्यांनी हवेचा उघडा कोन फिल्टर येतो. पेट्रोलचा विचार सुरू होतो तो थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटायला लागले, इंजिनातून निघणारा बेंड पाइप निळा पडला आणि गाडी उचलताना खोकायला लागली की मग. तोवर निम्मं बजेट आवाजात गेलेलं असतं आणि शिव्या मेस्त्रीला बसतात. इथे क्रम वेगळा धरला आहे: आधी हवा, मग पेट्रोल, सायलेन्सर शेवटी. गोव्याच्या रस्त्यांवर आणि हवेत तोच परवडतो.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: माझं इंजिन दिवसभर किती आरपीएमवर असतं? म्हापसा ते पणजी हायवे सोडला तर गोव्यातला बहुतेक प्रवास गावातल्या अरुंद रस्त्यांचा, वळणांचा, गतिरोधकांचा आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर थांबण्याचा. साडेतीनशे सीसीची गाडी इथे २,५०० ते ४,५०० आरपीएममध्येच फिरते. नव्या क्लासिक ३५० ची २७ न्यूटन-मीटरची ओढ ४,००० आरपीएमला मिळते, २०.२ बीएचपी मात्र ६,१०० ला. मोकळा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर यांचा फायदा जो काही असतो तो वरच्या टोकाला, म्हणजे तुम्ही क्वचित जाता तिथे. उलट खालच्या आरपीएमची ओढ थोडी जाऊ शकते, आणि ती रोज लागते. जुन्या ३७३ सीसीच्या ३९० ड्यूकची गोष्ट वेगळी. तिची पूर्ण ताकद ९,००० आरपीएमला येते आणि ती गाडी चालवणारा वर जातोही. म्हणून मित्राच्या ड्यूकवर चाललं ते आपल्या क्लासिकवर चालेलच असं नाही.

बदलाआधी गाडी निरोगी आहे का ते बघा. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट), क्लच, चेन, ब्रेक चिकटत नाही ना, बॅटरी, प्लग. दोन-तीन वर्षं क्लिअरन्स न बघितलेल्या गाडीत नुसती व्हॉल्व्ह सेटिंग करून जो फरक पडतो तो महागड्या फिल्टरने पडत नाही. प्लग बदलताना एनजीकेच्या नंबरात ‘आर’ अक्षर आहे ना तेवढं बघा. ते रेझिस्टरचं चिन्ह. बिनरेझिस्टरचा प्लग घातला की ठिणगीचा विद्युत गोंधळ ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, सेन्सरपर्यंत पोचतो आणि मग नसलेले बिघाड शोधत बसावं लागतं.

हवा

थोडं गणित. चार स्ट्रोकचं ३४९ सीसी इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरतं. ६,१०० आरपीएमला सिलिंडर पूर्ण भरतो असं धरलं तरी मिनिटाला साधारण १,०६५ लिटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याहून कमीच. कंपनीचा कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर एवढी हवा त्यातून सहज जाते. अडथळा फिल्टरच्या कागदात कमी आणि एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टरच्या पेटीच्या, तोंडाशी असलेल्या नळीत जास्त असतो. ती नळी आवाज दाबायला आणि पाणी अडवायलाही असते. त्यामुळे त्याच बॉक्समध्ये बसणारा कापडी फिल्टर हा समंजस बदल आहे. मात्र त्याने ताकद वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. तो पुन्हा धुता येतो, एवढाच त्याचा खरा फायदा.

एअरबॉक्स काढून थेट थ्रॉटल बॉडीला किंवा कार्बोरेटरला लावलेला कोन फिल्टर गोव्यात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एअरबॉक्समध्ये इंजिनाला शांत, स्थिर हवेचा साठा मिळतो. तो गेला की बाजूने येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिश्रण बदलतं, आणि सीव्ही प्रकारच्या कार्बोरेटरला हे अजिबात सोसत नाही, कारण त्याची स्लाइड हवेच्या दाबातल्या फरकावरच उचलली जाते. दुसरं कारण उष्णतेचं. कोन फिल्टर इंजिनाच्या डोक्यामागची गरम हवा ओढतो. २५ अंशांऐवजी ४५ अंशांची हवा आत गेली तर तेवढ्याच जागेत सहा टक्के कमी हवा मावते. म्हणजे फिल्टरने जे दिलं असेल ते उष्णतेने काढून घेतलं. तिसरं कारण पाऊस, आणि त्यावर गोव्यात वेगळं काही सांगायला नको. गुडघाभर पाण्यातून पुढची बस गेली की तिची लाट थेट फिल्टरवर येते.

आणि लाल धूळ. सावर्डे, कुडचडे, उसगाव, डिचोली या खाणींच्या बाजूला रोज जाणारा माणूस फिल्टरचा झाकणस्क्रू उघडतो तेव्हा हात लाल होतात. ही धूळ फार बारीक असते. इथे मॅन्युअलमधलं किलोमीटरचं अंतर निम्मं धरा. फिल्टर काम करतो की नाही हे बघायची पद्धत सोपी आहे: फिल्टर काढा, पांढरं फडकं बोटाला गुंडाळा आणि फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या रबरी नळीच्या आतून फिरवा. फडकं स्वच्छ राहिलं तर उत्तम. त्यावर लालसर पट्टा उमटला तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते आहे, आणि पिस्टन रिंग रोज थोडी झिजते आहे. दोष बहुतेक वेळा फिल्टरच्या कडेच्या रबरात असतो. बाहेरच्या फिल्टरची कड बॉक्सच्या खाचेत नीट बसत नाही. कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, बसवून पुन्हा फडक्याने तपासा. तरीही डाग आला तर तो फिल्टर परत करा, नाव कितीही मोठं असो.

कापडी फिल्टर धुताना लोक घाई करतात. त्याच्या क्लीनरने भिजवून दहा मिनिटं ठेवायचा, मग स्वच्छ बाजूकडून घाण बाजूकडे हलक्या पाण्याने धुवायचा. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, जाळीचे धागे सरकतात. सावलीत सुकवायचा. पावसाळ्यात याला दोन दिवसही लागतात, म्हणून दुसरा फिल्टर हाताशी असावा. पूर्ण सुकल्यावरच घड्यांच्या रेषेत थोडं थोडं तेल, वीस मिनिटं थांबून पांढरे राहिलेले ठिपके भरायचे. तेल ओघळत असेल तर जास्त झालं. ते पुढे थ्रॉटल बॉडीवर आणि हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, आणि धूळ मग तिथे चिकटते. फोमचा फिल्टर केरोसिनमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुवा. दाबून पाणी काढा, पिळू नका. कागदी फिल्टर धुवायचाच नाही. चवथ झाली, पाऊस ओसरला की एकदा एअरबॉक्सच्या तळाची पाणी निचऱ्याची नळीही उघडून बघा. तिच्यात चिखल किंवा कुंभारीण माशीचं घर असतंच.

पेट्रोल

खरं ट्यूनिंग इथे आहे. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल असलेलं ई-२०. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. त्यामुळे ई-२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही, तो भोकातून तेवढंच इंधन सोडतो. म्हणजे निव्वळ पेट्रोलवर अचूक बसवलेली जुनी गाडी ई-२० वर आपोआप आठेक टक्के लीन होते (लीन म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, रिच म्हणजे जास्त), सायलेन्सर-फिल्टरला हात न लावता. ‘पूर्वी बरी चालायची, आता गरम होते, पिकअप गेला’ या तक्रारीत निम्मा वाटा याचा असतो. अॅव्हरेज घसरतो त्यातला सहा-सात टक्क्यांचा भाग इंधनातच आहे, कारण लिटरमागे ऊर्जा तेवढी कमी. तो कुठल्याही ट्यूनिंगने परत येत नाही.

यामाहा आरएक्स १०० बाळगणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे नुसता पिकअप जात नाही, पिस्टन जाम होतो. वर एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा मधे फुगीर एक्झॉस्ट) चढवला असेल तर मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक, मोठा केल्याशिवाय गाडी वर रेस करू नका.

कार्बोरेटरच्या गाडीत जेटला हात लावण्याआधी तीन गोष्टी. एक, फ्लोटची (कार्बोरेटरातली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची मॅन्युअलप्रमाणे. ती चुकली की सगळे जेट चुकलेले वाटतात. दोन, कार्बोरेटर आणि हेडमधलं मेनिफोल्ड रबर. इंजिन थंड असताना चालू करून रबराभोवती कार्ब क्लीनरचा छोटा फवारा द्या. आयडलचा आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे, रबर बदला. जवळ आग, विडी-सिगरेट नको. तीन, जेट तारेने साफ केलेला आहे का. ही गॅरेजांतली जुनी खोड. पितळ मऊ असतं, तार फिरवली की भोक मोठं होतं आणि मग वरचा नंबर खोटा ठरतो. असा जेट फेकून द्यावा.

नंबरांचीही गंमत आहे. केहीनच्या जेटवर ११० लिहिलं असेल तर ते १.१० मिमी भोक. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरचा आकडा भोकाचा नसून इंधनाच्या प्रवाहाचा असतो. केहीनमध्ये ११० वरून ११५ वर गेलात तर भोकाचं क्षेत्रफळ नऊ टक्के वाढतं, मिकुनीत तोच बदल साडेचार टक्क्यांचा. एका कंपनीच्या कार्बोरेटरात दुसरीचा जेट बसवून नंबर तुलना करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. बाजारातले बिननावाचे जेट तर एकाच नंबराचे दोन घेतले तरी सारखे निघत नाहीत.

कुठला भाग कधी काम करतो ते लक्षात ठेवा. थ्रॉटल बंद ते आठवा भाग: स्लो जेट आणि मिक्श्चर स्क्रू. पाव ते पाऊण: सुई. पाऊणच्या पुढे: मेन जेट. सीमा एकमेकींत मिसळलेल्या असतात, म्हणून हँडलच्या ग्रिपवर आणि शेजारच्या केसिंगवर मास्किंग टेपचे तुकडे लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. त्याशिवाय ‘मधे अडकते’ हे वाक्य निरुपयोगी आहे.

मी मेन जेटपासून सुरू करायला सांगतो. चढावर, रिकाम्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या. चढ असला की वेग कमी राहतो आणि इंजिनावर भार पडतो, सपाट हायवेवर हाच प्रयोग जिवावर बेततो. गाडी पूर्ण ओढत असताना थ्रॉटल जरासा, आठव्या भागाएवढा, मागे घ्या. तेवढ्याने गाडी उलट जोरात ओढायला लागली तर मेन जेट लहान आहे. अडखळली, मिसिंग दिलं तर मोठा आहे. एका वेळी एकच पायरी बदला. मेन बसला की सुई. अर्ध्या थ्रॉटलवर एकसारखी चालताना गाडी मागेपुढे झोके देत असेल तर चोक किंचित ओढून बघा. सुधारली तर मिश्रण लीन, सुईची क्लिप एक खाच खाली सरकवा म्हणजे सुई वर येईल. बऱ्याच कंपनीच्या सुयांना क्लिपच्या खाचाच नसतात, अशा वेळी सुईखाली अर्ध्या मिलिमीटरची छोटी वॉशर घालतात. शेवटी स्लो जेट आणि स्क्रू, इंजिन पूर्ण गरम असताना. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो इंधनाचा, बाहेर फिरवला की रिच. एअरबॉक्सच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर फिरवला की लीन. आयडल सर्वांत वर जाईल तिथे थांबवा, मग आयडल स्क्रूने आरपीएम खाली आणा. स्क्रू पूर्ण बंद स्थितीपासून अर्ध्या फेऱ्याच्या आतच सगळं जमत असेल किंवा तीन फेऱ्यांच्या पुढे जावं लागत असेल, तर स्लो जेटच चुकीचा आहे.

थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम हळूहळू, लटकत खाली येणं हे लीनचं लक्षण. आयडलच्या खाली बुडून परत वर येणं हे रिचचं. प्लगचा रंग बघून निदान करायची जुनी पद्धत आजच्या इंधनावर फारशी भरवशाची राहिलेली नाही. काळी काजळी दिसली तर रिच हे नक्की, पण पांढरट प्लग म्हणजे लीन असं छातीठोक सांगता येत नाही.

चोर्ला घाट चढताना कार्बोरेटरची गाडी थोडी जड वाटली तर जेट बदलू नका. घाटमाथा आठशे मीटरच्या आसपास आहे, हवा सात-आठ टक्के विरळ होते, मिश्रण त्याच्या साधारण निम्म्याने रिच होतं, उतरलात की पूर्ववत. ट्यूनिंग समुद्रसपाटीलाच करा, कारण राहायचं तिथेच आहे.

इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू दोन पद्धतींनी चालतो. हळू, एकसारख्या चालीत ऑक्सिजन सेन्सर बघून मिश्रण सतत दुरुस्त करतो. पूर्ण थ्रॉटलवर सेन्सरकडे दुर्लक्ष करून आत लिहिलेल्या तक्त्याने चालतो. गाडीतला सेन्सर साधा असतो: ०.४५ व्होल्टच्या वर गेला तर रिच, खाली तर लीन, एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. हे कळलं की बाजारातल्या अर्ध्या वस्तूंचं खरंखोटं कळतं. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टर जोडून ‘हवा थंड आहे’ असं ईसीयूला भासवणारं यंत्र पूर्ण थ्रॉटलवर इंधन वाढवतं खरं, पण रोजच्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ते वाढलेलं इंधन परत काढून टाकतो. पैसे देऊन दोघांची भांडणं लावायची.

मग काय घ्यावं? नुसता स्लिप-ऑन सायलेन्सर (फक्त मागचा डबा बदललेला) असेल, बॅफल, म्हणजे आवाज दाबणारा आतला भाग, जागेवर असेल आणि एअरबॉक्स मूळचा असेल, तर बीएस-६ गाडीला बहुधा काहीच लागत नाही. ईसीयूच्या दुरुस्तीच्या पल्ल्यात ते बसतं. स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात कायमची केलेली दुरुस्ती, बघा. बदलाआधी आणि बदलानंतर पाचेकशे किलोमीटर चालवून. पाच टक्क्यांच्या आत असेल तर विषय संपला. दहाच्या पुढे गेलं तर आधी गळती शोधा, मग ट्यूनिंगचं बघा. नव्या गाड्यांना सीटखाली सहा पिनांचं कनेक्टर असतं, त्याची केबल वेगळी मिळते.

बेंड पाइपापासून पूर्ण एक्झॉस्ट बदलला, कॅम बदलला किंवा बोअर वाढवला तर मात्र इंधनाचा तक्ता, म्हणजे मॅप, बदलावाच लागतो. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सची फ्युएलएक्स ही मूळ वायरिंगच्या मधे बसणारी पेटी फक्त इंधन बदलते. त्यांचीच पॉवरट्रॉनिक इग्निशनचं टायमिंगही बदलते. दुसरा मार्ग ईसीयू फ्लॅश करण्याचा, त्यात वायरी वाढत नाहीत, पण फ्लॅश करणारा जाणकार हवा आणि मूळ फाइल जपून ठेवलेली हवी. कुठलाही मार्ग घेतला तरी इग्निशनला डायनोशिवाय (ताकद मोजायच्या यंत्राशिवाय) हात लावू नका. टायमिंग दोन-तीन अंश जास्त पुढे गेलं की भारात, चढावर, मागे माणूस बसलेला असताना ठोके बसतात, आणि मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजात ते ऐकूही येत नाहीत. १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरून साडेनऊ कॉम्प्रेशनच्या मूळ गाडीत काही मिळत नाही, तेही इथेच सांगून टाकतो.

पेटी बसवताना गोव्यात खरा शत्रू ओल आहे. कनेक्टरचं तोंड खाली येईल अशी पेटी बसवा, पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, अर्थची वायर चॅसीच्या रंगलेल्या बोल्टला न देता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्या. दोन पावसाळ्यांनी हिरवी पडलेली एक पिन पुरे होते. गाडी कधी नीट, कधी लीन चालते आणि दोष मात्र मॅपवर जातो.

मॅप बसवायचा तर मोजायला वाइडबँड सेन्सर (मिश्रण किती लीन किंवा रिच ते सांगणारा) लागतो, बहुधा बॉशचा एलएसयू ४.९. बेंड पाइपात त्याची नट वरच्या अर्ध्या भागात, आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर वेल्ड करून घ्या, म्हणजे पाइपातलं पाणी सेन्सरवर साचत नाही. एकदा बसवला की त्याला वीज न देता गाडी चालवू नका, थंड सेन्सरवर काजळी बसून तो मरतो. आकडे लॅम्डामध्ये वाचा. एअर-फ्युएलचा काटा ई-२० वरही परिपूर्ण मिश्रणाला १४.७ च दाखवतो, कारण तो पेट्रोलच्या पट्टीवर रंगवलेला असतो. लॅम्डा १ म्हणजे बरोबर, त्याखाली रिच, इंधन कुठलंही असो. एकसारख्या चालीत ०.९७ ते १, पूर्ण थ्रॉटलवर ०.८६ ते ०.९०. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला खालचा आकडा बरा. एका वेळी तीन ते पाच टक्के बदला, मग पुन्हा मोजा. इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो तेही बघा. ६,००० आरपीएमला एक चक्र वीस मिलिसेकंदांचं. त्यातले सतरा मिलिसेकंद इंजेक्टर उघडाच असेल तर त्याची क्षमता संपली, पुढे मॅपमध्ये कितीही आकडा वाढवा.

सायलेन्सर

‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतं’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. लागत नाही. लागतो तो वेग आणि वेळेवर परतणारी लाट. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून धावते, उघड्या टोकाला पोचली की उणे दाबाची लाट होऊन परत येते. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात त्या क्षणी ती पोचली तर उरलेला धूर ओढून घेते आणि ताजं मिश्रण आत खेचते. कुठल्या आरपीएमला हे जमणार ते पाइपाची लांबी ठरवते. जाडी वाढवली की वेग जातो. ३५ मिमीऐवजी ४५ मिमी आतला व्यास घेतला तर क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं आणि धुराचा वेग चाळीस टक्के घटतो. गावातल्या चालीत गाडी ‘ढिली’ वाटते ती यामुळे. म्हणून साडेतीनशेच्या गाडीचा बेंड पाइप बदलू नका, फार तर मागचा डबा बदला. खरा फायदा वजनाचा: काही किलो कमी होतात, आणि तेही गाडीच्या मागच्या टोकाकडून.

बुलेटवाल्यांच्या पंजाबी, इंदोरी, गोल्डस्टार या नावांनी जे विकलं जातं त्यात आत काय आहे ते विक्रेत्यालाही बहुधा माहीत नसतं. टॉर्च घालून बघा. आरपार उजेड दिसला तर तो नुसता पाइप आहे. आत छिद्रांची नळी आणि भोवती ग्लासवूल असेल तर तो डबा उघडता येतो का, म्हणजे रिव्हेट आहेत की पूर्ण वेल्ड, हे विचारा. ग्लासवूल जळून आणि पावसात भिजून जातं, दीड-दोन वर्षांत भरावं लागतं. तळाला पाणी निचऱ्याचं बारीक भोक हवं. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत धुरातलं पाणी सुकत नाही, डबा आतून गंजतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी लोखंडी पाइप घेऊच नये. ३०४ स्टेनलेस घ्या, आणि त्याला लोखंडी ब्रॅकेट वेल्ड केलेलं नाही ना ते बघा. गंज तिथून सुरू होतो.

बसवताना: हेडचे स्टड आदल्या रात्री पेनिट्रेटिंग तेलाने भिजवा, इंजिन किंचित कोमट असताना सोडवा. स्टड तुटला तर सायलेन्सरपेक्षा महाग पडतं. गॅस्केट प्रत्येक वेळी नवं, ते एकदाच दबतं. आधी सगळं हाताने सैल बसवा, मग हेडचे नट दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे आवळा, आणि मागचं ब्रॅकेट सर्वांत शेवटी. उलट केलं की पाइप ताणात राहतो आणि दोनेक हजार किलोमीटरनी ब्रॅकेट वेल्डपाशी तडकतं. आटे चिकटू नयेत म्हणून कॉपर किंवा निकेलची पेस्ट लावा, पण ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाला ती लागू देऊ नका. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, थंड असताना, पुन्हा आवळा.

गळती तपासायला थंड इंजिन चालू करून जाड ओल्या फडक्याने डब्याचं तोंड क्षणभर दाबा. हेडपाशी किंवा जोडापाशी ‘फुस्स’ आलं तर गॅस्केट बसलेलं नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या जोडात गळती असेल तर उणे दाबाच्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला लीन वाटतं आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. फटाके आणि घसरलेला अॅव्हरेज एकत्र आले की मॅप शोधू नका, हा जोड बघा. काही गाड्यांत एक्झॉस्टमध्ये मुद्दाम हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, थोडे फटाके त्यानेही होतात. तो बंद करायचे किट मिळतात. त्याने प्रदूषण वाढतं, ताकद नाही.

कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग, काढू नका. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय ताकदीचा फायदा नगण्य आणि पीयूसीला नापास होण्याचा धोका. सेन्सर काढून ठेवला तर त्याचं हीटर सर्किट तुटल्याचं कळून इंजिनाचा दिवा लागतो आणि ईसीयू सुरक्षित, म्हणजे रिच, चालीवर जातो.

कायद्याचं थोडक्यात. नव्या दुचाकीला मान्यता देताना १७५ सीसीच्या वरच्या गाडीला ८० डेसिबलची, ८० ते १७५ सीसीला ७७ ची मर्यादा असते. ही चाचणी ठरावीक अंतरावरून, धावत्या गाडीची. पेटीवर ‘८० डीबी’ छापलेलं असलं म्हणून सायलेन्सर कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि आवाज-प्रदूषणाच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने अपात्र. वॉरंटी आणि विमा हे वेगळे. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर क्लेमच्या वेळी वाद होतो. पिवळ्या मडगार्डच्या पायलटांकडे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांकडे, बघा. दिवसभर गाडी चालवून पोट भरणाऱ्या या माणसांच्या गाड्यांना मूळचाच सायलेन्सर असतो. हिशेब त्यांनी कधीच करून ठेवला आहे.

मूळ सायलेन्सर विकू नका. काढला की उन्हात पूर्ण सुकवा, आत थोडं इंजिन ऑइल फवारा, दोन्ही तोंडं प्लास्टिकने बांधा आणि उभा न ठेवता आडवा, जमिनीपासून वर ठेवा. जुनं गॅस्केट त्याच्याबरोबर ठेवायची गरज नाही, नवीन आणून ठेवा. परत चढवायची वेळ बहुधा पीयूसीच्या किंवा गाडी विकायच्या आदल्या दिवशी येते आणि तेव्हा दुकानात ते नसतं.